नेमक्या वेळी चित्र का फुटते? दुरून शस्त्रक्रियेचे मार्गदर्शन आणि व्हिडिओचा दर्जा

पित्ताशय काढण्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया चालू आहे, असे समजू. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात एक तरुण सर्जन कॅलॉटच्या त्रिकोणात, म्हणजे पित्ताशयाची नळी, यकृतातून येणारी मुख्य नळी आणि यकृताची खालची कड यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, चरबी आणि पडदे हलक्या हाताने सोडवतो आहे. त्याचे वरिष्ठ शंभरएक किलोमीटर दूर, शहरातल्या आपल्या खोलीत बसून तेच चित्र पडद्यावर पाहताहेत. पाऊण तास सारे सुरळीत चालते. मग एक बारीक धमनी तुटते, रक्ताची धार उडते, कॅमेरा धरणारा सहायक दचकून दुर्बीण मागे ओढतो, आणि वरिष्ठांच्या पडद्यावरच्या चित्राचे चौकोनी ठोकळे होतात.

"सर, दिसतंय ना? क्लिप कुठं लावू?"

"थांब. इथं चित्र फुटलंय, काही कळत नाहीये. अंदाजानं क्लिप लावू नकोस. गॉज आत घाल आणि नुसता दाबून धर."

नेट ऐन वेळी दगा देते, असे ओटीतले, म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीतले सगळे यावर म्हणतील. पण या प्रसंगात नेटचा वेग कदाचित तसूभरही कमी झालेला नसेल. पाऊण तास ज्या लिंकने चित्र सुरेख पोचवले, तीच लिंक, तोच वेग आणि तेच यंत्र त्या क्षणी अपुरे पडले, कारण त्या क्षणी चित्रच पोचवायला अवघड झाले होते. दूरस्थ मार्गदर्शनाच्या व्हिडिओचा दर्जा समजून घ्यायचा तर नजर याच गोष्टीवर ठेवावी लागते. शस्त्रक्रिया शांतपणे चालू असताना चित्र कसे दिसते याला फारसा अर्थ नसतो, कारण तेव्हा मार्गदर्शकाला बोलण्यासारखे फार काही नसतेच.

या प्रकाराला वैद्यकीय क्षेत्रात टेलिमेंटरिंग म्हणतात. यात हत्यारे रुग्णाजवळच्या सर्जनच्याच हातात असतात आणि दूर बसलेला अनुभवी सर्जन पाहून, बोलून आणि फार तर पडद्यावर रेघ ओढून सल्ला देतो. यंत्रमानव वापरून दुरून प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणे हा वेगळा प्रकार आहे. नुसती शस्त्रक्रिया दुरून दाखवणे तर बरेच जुने आहे. १९६५ साली मायकल डिबेकी यांनी ह्यूस्टनमध्ये केलेली हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया 'अर्ली बर्ड' उपग्रहावरून जिनिव्हातल्या डॉक्टरांना दाखवण्यात आली होती. पण तिथे पाहणारे केवळ प्रेक्षक होते. मार्गदर्शक प्रेक्षक नसतो. त्याने "ही नळी काप" म्हटल्यावर ती कापली जाते, म्हणून त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा कुतूहलाचा विषय उरत नाही.

आता चित्राच्या बारकाव्याकडे वळू. ज्याला आपण फुल एचडी म्हणतो त्या चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. दुर्बिणीतून समोरची साधारण १० सेंटीमीटर रुंदीची जागा दिसते आहे असे धरले, तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला सुमारे १९ ठिपके येतात. टाके घालायचा ३-० क्रमांकाचा कृत्रिम धागा सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे तो चित्रात जेमतेम चार ठिपके जाडीचा दिसेल. तेवढ्यावर धाग्याचा पीळ आणि गाठ नीट बसली की नाही, हे कळू शकते. पण व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरने लिंक मंदावल्याचे पाहून आपणहून चित्र ६४० बाय ३६० ठिपक्यांवर आणले, की तोच धागा एखाद्या ठिपक्यापुरता उरतो आणि मागच्या लालसर पार्श्वभूमीत विरघळून जातो. हा बदल सॉफ्टवेअर कोणालाही न विचारता करते. दोन माणसे एकमेकांचे चेहरे पाहत गप्पा मारत असतील तर तो शहाणपणाचाच आहे, कारण चेहरा कमी ठिपक्यांतही ओळखू येतो. गाठ येत नाही.

ठिपके पुरेसे असले तरी ते सगळे जसेच्या तसे पाठवता येत नाहीत. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट (बिट म्हणजे माहितीचे सर्वांत लहान एकक) आणि सेकंदाला ३० चित्रे, असा हिशेब केला तर फुल एचडी व्हिडिओचे सेकंदाला सुमारे १४९ कोटी बिट होतात. प्रत्यक्षात आपण सेकंदाला ४० लाख बिट वाहून नेणाऱ्या, म्हणजे ४ एमबीपीएसच्या प्रवाहातून तो पाठवतो. याचा अर्थ, मूळ मजकुराच्या सुमारे ३७० भागांपैकी एकच भाग पलीकडे जातो आणि उरलेले चित्र पलीकडचे यंत्र पुन्हा रचते. ही किमया कॉम्प्रेशनची. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत आजही सर्वत्र वापरात आहे आणि २०१३ची एच.२६५ तिच्याहून काटकसरी आहे, पण दोघींचे मूळ तत्त्व एकच आहे.

ते तत्त्व असे. सलग दोन चित्रांत बहुतेक भाग सारखाच असतो, म्हणून दर वेळी पूर्ण चित्र न पाठवता अधूनमधून एखादे पूर्ण चित्र पाठवायचे आणि मधल्या काळात फक्त बदल कळवायचे. वहीत रोजचा जमाखर्च लिहिताना आपण दर ओळीला सगळी शिल्लक नव्याने मोजत नाही, फक्त आलेले आणि गेलेले लिहितो, तसेच हे आहे. चित्राचा एखादा तुकडा नुसता जागेवरून सरकला असेल तर "तो तुकडा इतका उजवीकडे गेला" एवढेच सांगून भागते. त्याउपर जे बारकावे उरतात ते बिटांच्या अंदाजपत्रकात बसेपर्यंत ढोबळ करत नेले जातात, म्हणजे जवळजवळच्या छटांना एकच छटा मानले जाते. हे काम छोट्या चौकोनांत चालते, म्हणून अंदाजपत्रक फार तोकडे पडले की ते चौकोन उघडे पडतात. आपण "चित्र फुटले" म्हणतो ते हेच.

सुरुवातीचा प्रसंग आता पुन्हा पाहू. रक्ताची धार उडणे, कॉटरीच्या, म्हणजे विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या हत्याराच्या धुराने पोट भरणे, सलाइनने जागा धुणे, दुर्बीण झटक्यात हलणे या प्रत्येक वेळी आधीच्या चित्रावरून पुढच्या चित्राचा अंदाज बांधणे अशक्य होते. धूर तर सर्वांत वाईट, कारण त्याची प्रत्येक वेटोळी नवी असते आणि सॉफ्टवेअर बिचारे त्या निरुपयोगी वेटोळ्यांचे वर्णन करण्यातच सगळे बिट खर्ची घालते. त्याला धूर आणि धमनी यांतला फरक कळत नाही. अशा रीतीने शस्त्रक्रियेतला धोका आणि चित्रातला गोंधळ एकाच क्षणी शिगेला पोचतात. यावर उपायही यातूनच सुचतात. लिंकची क्षमता सरासरी गरजेपेक्षा बरीच जास्त ठेवावी. पोटातला धूर वेळोवेळी बाहेर सोडावा. आणि काही बिनसल्यास सहायकाने दुर्बीण ओढण्याऐवजी जागच्या जागी स्थिर धरावी, की दोनतीन सेकंदांत चित्र आपोआप सावरते. शेवटचा उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षितही.

याहून सूक्ष्म अडचण लाल रंगाची आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारकाईने कळतो, पण रंगातला फरक तितक्या बारकाईने कळत नाही. या उणिवेचा फायदा घेऊन व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवतात आणि रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवतात. एवढ्यानेच मजकूर निम्म्यावर येतो. रस्ता, क्रिकेटचे मैदान, बातम्या सांगणारी व्यक्ती, कुठेही ही लबाडी पकडली जात नाही. पण पोटाच्या आतला देखावा लाल, गुलाबी, तपकिरी आणि पिवळसर छटांचाच असतो. शिवाय एचडी व्हिडिओत उजेडाचा आकडा काढताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के, लालला सुमारे २१ टक्के आणि निळ्याला ७ टक्के वजन दिले जाते. म्हणजे दोन पेशीजालांत फरक फक्त लालच्या छटेचा असेल, तर उजेडाच्या खात्यात त्याचा पाचवा हिस्साच जमा होतो आणि रंगाच्या खात्यात तो चार ठिपक्यांत वाटला जातो. वर ढोबळीकरणाची कात्री आहेच. ताजे रक्त आणि साकळलेले रक्त, सुजलेली भिंत आणि तिच्यावरचा पडदा, रक्तात मिसळलेला पित्ताचा पिवळा-हिरवा ओघळ, हे फरक यामुळे आधी पुसट होतात. ठिपक्यांची संख्या आणि बिट दोन्ही सढळ असतील तर ही हानी नगण्य राहते. दोन्ही तोकडे असतील तर चित्र वरवर स्वच्छ दिसूनही त्यातली नेमकी वैद्यकीय माहिती निघून गेलेली असते, आणि फुटलेल्या चित्रापेक्षा असे गुळगुळीत चित्र अधिक फसवे, कारण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

विलंबाचे गणित वेगळे आहे आणि त्याबद्दलचे गैरसमजही बरेच आहेत. ७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथल्या रुग्णाचे पित्ताशय यंत्रमानवाच्या हातांनी काढले. 'ऑपरेशन लिंडबर्ग' या नावाने ती शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. तिथे जाऊन-येऊन १४,००० किलोमीटरांहून अधिक अंतर होते आणि सरासरी एकूण विलंब १५५ मिलिसेकंद होता. त्यांपैकी सुमारे ७० मिलिसेकंद व्हिडिओ आवळण्यात आणि पुन्हा उलगडण्यातच गेले. दोन वर्षांनी कॅनडात मेहरान अन्वारी यांनी हॅमिल्टनहून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या नॉर्थ बे इथल्या रुग्णांवर तिथल्या सर्जनांच्या साथीने अशाच शस्त्रक्रिया सुरू केल्या, आणि तिथला विलंबही १३५ ते १४० मिलिसेकंदांच्या घरात होता. अंतर किती तरी पट कमी, पण विलंब जवळपास तेवढाच! काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, तेव्हा ४०० किलोमीटर जाऊन येण्याचे चारच मिलिसेकंद होतात. उरलेला सारा वेळ कॅमेरा, कॉम्प्रेशन, जाळ्यातले थांबे आणि पडदा यांनी खाल्लेला असतो. म्हणून शहर किती दूर आहे यापेक्षा पेटीत कोणते यंत्र आहे हे पाहावे लागते.

याला ठळक अपवाद भूस्थिर उपग्रहाचा. तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. तिथवर जाऊन खाली यायला प्रकाशालाही सुमारे २४० मिलिसेकंद लागतात आणि प्रश्नाचे उत्तर परत यायला जवळजवळ अर्धा सेकंद. भारतात इस्रोने २००१ पासून दुर्गम भागांतली रुग्णालये उपग्रहाने मोठ्या रुग्णालयांशी जोडली. सल्लामसलत आणि अहवाल पाहणे यांसाठी हा विलंब मुळीच आड येत नाही. चालत्या शस्त्रक्रियेत मात्र "आता थांब" हा शब्द अर्धा सेकंद उशिरा पोचणे म्हणजे कात्री एकदा मिटून झालेली असणे.

मार्गदर्शक पडद्यावर रेघ ओढून "इथून काप" असे दाखवतो तेव्हा विलंब आणखी एका रीतीने नडतो. त्याने ज्या चित्रावर रेघ ओढली ते चित्र थोडे जुने असते. रेघ ओटीत पोचेपर्यंत दुर्बीण किंचित हललेली असली, तर ती रेघ नळीच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसते. म्हणून चालत्या चित्रावर रेघ ओढूच नये. आधी चित्र थांबवावे, थांबलेल्या चित्रावर खूण करावी, आणि तीच थांबलेली प्रत खुणेसकट परत पाठवावी.

जाळ्यात माहितीची पाकिटे हरवण्याचा हिशेबही डोळ्यांसमोर आणून पाहण्याजोगा आहे. ४ एमबीपीएसचा व्हिडिओ सुमारे १,२०० बाइटच्या पाकिटांतून पाठवला, तर सेकंदाला चारशेहून अधिक पाकिटे निघतात. त्यांतली एक टक्का हरवली, तर दर सेकंदाला चार पाकिटे गहाळ झाली. मधली चित्रे आधीच्या चित्रांवर रचलेली असल्याने एका पाकिटाची चूक त्या चित्रापुरती राहत नाही, पुढचे पूर्ण चित्र येईपर्यंत पसरत राहते. वेबसाइट उघडताना हरवलेले पाकीट पुन्हा मागवता येते, पण इथे ते मागवून येईपर्यंत तो क्षण निघून गेलेला असतो. काही यंत्रणा थोडी जास्तीची माहिती आधीच जोडून पाठवतात, काही पाकिटे क्षणभर साठवून ओळीने लावून मग दाखवतात. पहिल्या उपायात बिट खर्च होतात, दुसऱ्यात वेळ.

पाकिटांचा ओघच थांबला तर चित्र गोठते, आणि इथे माझ्या मते सगळ्यांत मोठा धोका आहे. फुटलेले चित्र निदान आपण फुटलो आहोत हे ओरडून सांगते. गोठलेले चित्र शांत दिसते. सर्जन हात स्थिर ठेवून वाट पाहतो आहे, असे मार्गदर्शकाला वाटते आणि तो चार सेकंदांपूर्वीच्या शरीररचनेवर बोलत राहतो. यासाठी ओटीच्या बाजूनेच चित्राच्या कोपऱ्यात सेकंदकाटा दिसणारे घड्याळ मिसळून पाठवावे. घड्याळ थांबले की चित्र थांबले. इतकी साधी सोय अनेक ठिकाणी नसते.

आतापर्यंतचे सगळे जाळ्याविषयी झाले, पण पुष्कळदा चित्र जाळ्यात शिरण्यापूर्वीच बिघडलेले असते. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याच्या पेटीला मागे एचडीचे डिजिटल आउटपुट असूनही जुन्या सवयीने एस-व्हिडिओची तार जोडलेली असते आणि एचडी कॅमेऱ्याचे चित्र ५७६ ओळींचे होऊन निघते. कुठे कुणी मोबाइल थेट मॉनिटरसमोर धरतो. त्यात मॉनिटरच्या ठिपक्यांच्या जाळीवर मोबाइलच्या ठिपक्यांची जाळी पडून पाण्यावरच्या तरंगांसारखे पट्टे उमटतात, खोलीतला दिवा काचेत चमकतो, आणि धरणाऱ्याचा हात हलतो तो वेगळाच. दोनचारशे रुपयांच्या तारेचा प्रश्न असताना नेटचा प्लॅन वाढवण्याची चर्चा चालते, हे पाहून हसावे की रडावे कळत नाही. नेट वाढवायचेच असेल तर अपलोडचा वेग पाहावा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो डाउनलोडचा वेग, आणि ओटीला चित्र पाठवायचे असते.

शस्त्रक्रियेआधी स्वच्छ पांढरा गॉज कॅमेऱ्यापुढे धरून व्हाइट बॅलन्स करणे (म्हणजे रंग खरे दिसावेत म्हणून पांढरे कोणते हे कॅमेऱ्याला दाखवणे) आणि काच धुरकट होऊ नये म्हणून दुर्बिणीचे टोक गरम पाण्यात बुडवणे, या दोन रीती ओटीत सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि दूरच्या मार्गदर्शकासाठी त्यांचे मोल दुप्पट आहे. समोर असलेला माणूस रंग चुकल्याचे नुसत्या नजरेने ताडतो. दूरच्याला तुलना करायला दुसरे काहीच नसते. उघड्या शस्त्रक्रियेत अडचणी आणखी वाढतात. वरच्या दिव्याखाली पांढरेशुभ्र उजळलेले भाग आणि खोल काळोखी पोकळी एकाच चित्रात बसवताना कॅमेरा गोंधळतो, आणि ऐन वेळी सर्जनचे डोके मध्ये येते.

मग चित्र पुरेसे चांगले आहे, हे ठरवायचे कसे? अभियंते मूळ चित्र आणि पोचलेले चित्र यांतला फरक आकड्यात मोजतात, किंवा माणसांना दाखवून १ ते ५ गुण द्यायला सांगतात. हे आकडे दोन यंत्रांची तुलना करायला उपयोगी आहेत. पण ते साऱ्या चौकटीची आणि साऱ्या वेळेची सरासरी सांगतात, तर सर्जनला हव्या असतात चौकटीतल्या पाच मिलिमीटर जागेतले निर्णायक वीस सेकंद. भारतात २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी दुरून शस्त्रक्रिया करणे आणि यंत्रसामग्रीचे निकष हे दोन्ही विषय आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणजे या सूचनांत किमान दर्जाचा आकडा शोधून उपयोग नाही, दोन्ही टोकांच्या डॉक्टरांनी तो आपापसात पारखून घ्यायचा आहे.

पारखण्याची एक रीत सोपी आहे. आदल्या दिवशी ओटीतल्या सरावाच्या डब्यात लाल कापडावर ३-० आणि ५-० क्रमांकाच्या धाग्यांचे काही टाके घालावेत, दुर्बीण आत सोडावी आणि मार्गदर्शकाला ते मोजायला सांगावे. मग दुर्बीण मुद्दाम हलवत, वर पाणी सोडत पुन्हा मोजायला सांगावे. दुसऱ्या खेपेचे उत्तर चुकले, तर सॉफ्टवेअरच्या पडद्यावरचे "कनेक्शन उत्तम" हे शब्द विसरावेत आणि मार्गदर्शकाच्या भरवशावर कोणते टप्पे करायचे व कोणते करायचे नाहीत, हे तेव्हाच ठरवून टाकावे. लिंक साफ तुटली तर पोट उघडायचे की शस्त्रक्रिया आवरती घ्यायची, हेही त्याच बैठकीत ठरवावे, कारण रुग्णाजवळ असलेल्या सर्जनला ते एकट्याने निभावता यायला हवे.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत तर निर्णायक क्षण कोणता, हे आधीच ठाऊक असते. १९९५ साली स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी' ही कसोटी मांडली. त्रिकोणातली चरबी पूर्ण साफ झालेली असावी, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटलेला असावा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी दिसाव्यात. हे तिन्ही झाल्याखेरीज काहीही कापायचे नाही. या क्षणी घाई नसते, हालचाल नसते, धूर निघून गेलेला असतो. तेव्हा चालत्या व्हिडिओवर विसंबण्याचे कारणच उरत नाही. फुल एचडीचे एक स्थिर छायाचित्र, फारसे न आवळता पाठवले तरी, साधारण ५०० किलोबाइटचे होते आणि ४ एमबीपीएसच्या लिंकवरून एका सेकंदात पोचते. पित्ताशय एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवून, पुढून आणि मागून अशी दोन छायाचित्रे पाठवली, की मार्गदर्शकाला ती मोठी करून, हवा तेवढा वेळ घेऊन पाहता येतात.

"मागचा फोटो पुन्हा पाठव. नळीच्या मागं यकृत दिसायला हवं, मला अजून चरबीच दिसतेय."

"आणखी थोडं सोडवतो, सर."

"हं. मी आहे इथंच."